पिकअपच्या पाठीवरची खोली

शुक्रवारी सकाळी आठ वाजता शारजातल्या अल नहदामधून आमची पिकअप बाहेर पडली, तेव्हा तिच्या पाठीवर एक खोली होती. खोली म्हणजे खरीच खोली. दार, खिडकी, पलंग, बेसिन, छोटा ओटा, दिवा, सगळं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत दात घासत उभे असलेले शेजारी ब्रश तोंडात तसाच ठेवून बघत राहिले. मी त्यांना हात केला. का नाही करणार? तीन महिने खपून ती खोली मी तिथे बसवली होती. ती पडणार नाही, हलणार नाही, गळणार नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगायला तयार होतो.

गाडीत आम्ही तिघं. स्टिअरिंगवर मी, श्रीकांत, मूळचा डोंबिवलीचा, बावीस वर्षं इथे एसीच्या डक्टचं काम करणारा इंजिनिअर. शेजारी माझी बायको मेधा. मागच्या सीटवर आमची मुलगी ईरा, वय वर्षं वीस. इथेच जन्मली, इथेच कॉलेजात जाते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. निघताना ती खिडकीतून बघत म्हणाली, "बाबा, एव्हरीवन इज फिल्मिंग अस." मी म्हटलं, "करू देत. फुकट जाहिरात."

आता ही खोली कशासाठी, ते सांगतो. तुम्ही म्हणाल, दुबई-शारजात राहता, हॉटेलं काय कमी आहेत? हॉटेलं ढिगाने आहेत. पण मेधाच्या किडन्या दोन वर्षांपूर्वी थकल्या. तिचं डायलिसिस घरीच होतं, पोटातलं. म्हणजे पोटात बसवलेल्या बारीक नळीतून दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं, चार-पाच तासांनी ते काढून नवीन भरायचं. सकाळी, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला आणि झोपताना. दिवसाला चार बॅगा. प्रत्येक वेळी पाऊण तास. खोली बंद हवी, पंखा-एसी बंद हवा, हात कोपरापर्यंत धुतलेले, तोंडाला मास्क. धुळीचा कण नळीच्या तोंडाशी गेला तर पोटात इन्फेक्शन, आणि मग हॉस्पिटल. म्हणून मेधा दोन वर्षांत घराबाहेर झोपली नव्हती. सख्ख्या भाच्याचं लग्न तिने व्हिडिओ कॉलवर बघितलं. लग्नाआधी सह्याद्रीतले अर्धे किल्ले पायांनी पालथे घातलेली ही बाई, बेडरूम ते किचन आणि किचन ते बेडरूम.

डॉक्टरांचं म्हणणं होतं, स्वच्छता पाळा आणि खुशाल फिरा. मेधाच तयार नव्हती. शेवटी मी कॅम्परचा विषय काढला, तेव्हा तिने मला समोर बसवलं.

"श्री, एकदाच येईन. एकच ट्रिप. एक जरी बॅग चुकली, किंवा परत आल्यावर पाणी गढूळ निघालं, तर हा विषय परत काढायचा नाही. कधीच नाही. मला सारखी आशा लावलेली सहन होत नाही."

मी म्हटलं, "मान्य." पैज कठीण होती, पण मी माझं काम जाणतो.

*

कॅम्पर मला ऑस्ट्रेलियाला परत चाललेल्या एका कुटुंबाकडून मिळाला. ॲल्युमिनियमचा डबा, रिकामा चारशे ऐंशी किलो. त्याला चार कोपऱ्यांत चार पाय. पाय हँडलने फिरवून लांब केले की डबा जमिनीपासून वर उभा राहतो, पिकअप रिव्हर्स घेत त्याच्या पोटाखाली न्यायची, पाय आखडले की डबा पाठीवर. फक्त एक अडचण होती. तो डबा सपाट पाठीच्या गाडीसाठी केलेला, आणि आमची डबल कॅबिन पिकअप नेहमीच्या हौद्याची. दोन बाजूंना चाकांचे उंचवटे, मागे फाळका. डबा आत जाणं अशक्य.

मग सुरू झाल्या सनैयाच्या फेऱ्या. सनैया म्हणजे शारजाचं औद्योगिक क्षेत्र. इथे सगळे त्याला याच नावाने ओळखतात. मैलोन् मैल गॅरेजं, वेल्डिंगच्या ठिणग्या, तेलाने काळी झालेली वाळू. तुम्ही टीव्हीवर बघता ती दुबई जिथे दुरुस्त होते ती ही जागा. तिथे मला खानसाहेब भेटले. पेशावरकडचे, साठीचे, मेंदी लावलेली दाढी, तीस वर्षं ट्रकांच्या स्प्रिंगचे पाटे बसवण्यात गेलेली. मी आराखडे काढलेले चार कागद त्यांच्यासमोर पसरले. त्यांनी त्यावर चहाचा पेला ठेवला.

हौदा उतरवून त्या जागी सपाट फलाट बसवायचा, हे दोघांनाही मान्य होतं. डबा फलाटाला न बांधता खालच्या चासीला चार ठिकाणी बांधायचा, हेही मान्य. टायर जास्त वजनाचे, मान्य. भांडण पेटलं ते मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरून. माझं गणित सांगत होतं, एक पाटा वाढवा. खानसाहेब दोनावर अडून बसले.

"साब, काग़ज़ को बोलो गाड़ी चलाए."

"खानसाहब, दो डालेंगे तो खाली गाड़ी बैल की तरह उछलेगी."

"उछलने दो. टूटने से अच्छा है."

शेवटी त्यांनी त्यांच्या पद्धतीने निकाल लावला. फलाटावर वाळूची पोती रचली, डब्याच्या वजनाइतकी. आधी चाक आणि पत्र्याच्या मधलं अंतर वितीने मोजलं, पोती चढवल्यावर पुन्हा वितीने मोजलं. मग मला शेजारी बसवून सनैयाच्या राउंडअबाउटला सात फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला गाडी थांबवून म्हणाले, "एक चलेगा." एवढंच. माझा आराखडा आणि त्यांची वीत एकाच जागी येऊन टेकली. मला इतका आनंद झाला की मी त्यांना दुसरा चहा पाजला. पासिंगवाल्यांनीही दिवे, वजन, बांधणी तपासून कागद दिला. मेधाने मात्र खर्च ऐकून कपाळाला हात लावला. "साडेपाच हजार दिरहम? म्हणजे सव्वा लाखाच्या वर रुपये! फलाटाला?"

एका बाबतीत मी खानसाहेबांचं ऐकलं नाही, आणि ते आता कबूल करतो. मला फोडणीशिवाय जेवण जात नाही. हिंग-मोहरीचा धूर त्या एवढ्याशा डब्यात कोंडणार, गादीला वास लागणार, म्हणून मी ओट्याच्या वर भिंतीला भोक पाडून बाथरूमला असतो तसला छोटा एक्झॉस्ट पंखा बसवला. बाहेरून त्याला पडणाऱ्या पट्ट्यांची झडप. खानसाहेबांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"साब, इधर से मिट्टी आएगा. अंदर से भी ढक्कन लगाओ."

मी त्यांना सांगितलं की बावीस वर्षं मी हेच काम करतो, इमारतींमध्ये हवा कुठून यावी आणि कुठून जावी हे माझ्याइतकं कुणाला कळणार? ते गप्प बसले. गिऱ्हाईक शहाणं असलं की ते गप्पच बसतात.

*

तर आम्ही निघालो. शहर संपलं, रस्ता रुंद झाला, दोन्ही बाजूंना घाफची झाडं लागली. घाफ म्हणजे आपली शमीच, वाळूत उभी राहून हिरवी राहणारी. ताशी नव्वदला गाडी अशी मऊ चालली होती की मी गुणगुणायला लागलो. पण मोठा ट्रक शेजारून गेला की स्टिअरिंग हातात हलकं पडत होतं. पुढची चाकं रस्त्यावर नुसती टेकल्यासारखी. माझं गुणगुणणं थांबलं.

पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी घेतली, मागचं दार उघडलं आणि मला सगळा उलगडा झाला. मी वजनाचं गणित केलं होतं ते आमच्या संसाराचं नव्हतं. दाराजवळच्या कपाटात, म्हणजे अगदी शेपटाशी, मेधाने बॅगांची चार खोकी ठेवली होती. तीन दिवसांना बारा बॅगा पुरल्या असत्या. तिने चोवीस घेतल्या होत्या. त्याशिवाय पाच लिटरचा कुकर, पोळपाट-लाटणं, पाच किलो कांदे, तांदळाचा डबा, आणि एक पितळी पातेलं.

"पातेलं कशाला?"

"कुणी आलं तर?"

"वाळवंटात?"

"आपण जातोय ना? तसंच दुसरं कुणी येईल."

ईरा मागून म्हणाली, "आई, यू पॅक्ड फॉर अ वेडिंग." मेधा हसली. बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली, म्हणून मी पातेल्याला काही बोललो नाही. सगळं जड सामान पुढे आणलं. कुकर आणि कांदे पलंगाखाली, आणि बॅगांची खोकी कॅबिनमध्ये, ईराच्या शेजारी मागच्या सीटवर. ईराला कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागलं, पण स्टिअरिंग पुन्हा ताळ्यावर आलं. डबल कॅबिनचा हा फायदा: मागची सीट म्हणजे चाकांच्या मधोमधलं कोठार.

साडेनऊला आम्ही म्लेहाला पोचलो. इथली वाळू पिवळी नसते, तांबडी असते, आपल्याकडच्या विटेसारखी. मधोमध काळसर डोंगर उभा, त्यात समुद्रातल्या शिंपल्यांचे ठसे सापडतात. पक्क्या जमिनीवर, डोंगराच्या आडोशाला गाडी लावली. वाटेतल्या कॅफेटेरियातून घेतलेला करक (म्हणजे वेलदोडा घालून कढवलेला कडक दुधाचा चहा) मी आणि ईराने प्यायला. मेधाला पाणी-चहा मोजून घ्यावा लागतो. तिने माझ्या पेल्यातले दोन घोट घेतले आणि म्हणाली, "पुरे. चव कळली."

बाराला पहिली परीक्षा. मेधा खोलीत गेली, मी दार लावून घेतलं. बेसिनच्या नळाला पाणी, पलंगाशी बॅग टांगायला मी बसवलेला हुक, बॅग गरम करायला पॅड. मी बाहेर खुर्ची टाकून दारावर पहारा दिला. पाऊण तासाने दार उघडलं. मेधा म्हणाली, "हुक दोन बोटं वर हवा होता. बाकी झकास." दोन बोटं! मी ईराकडे बघून कॉलर ताठ केली. दुपारी मी स्वतः आमटी केली, चरचरीत फोडणी दिली, एक्झॉस्टने सगळा धूर बाहेर फेकला. गादीला वास नाही. मी जेवताना तीनदा हे बोलून दाखवलं.

जेवल्यावर मेधाला चालायचं होतं. "डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊ," ती म्हणाली, आणि गेलीही. हळूहळू, थांबत, पण न धरता. एका दगडात तिला शिंपल्याचा ठसा दिसला. ती त्याच्यावर बोट फिरवत उकिडवी बसली आणि म्हणाली, "राजमाचीनंतर पहिल्यांदा डोंगराला हात लावतेय." मी नुसता तिच्या डोक्यावर सावली पडेल असा उभा राहिलो.

*

चारच्या सुमाराला वारा उठला. आधी पायांशी वाळू सरकायला लागली, मग गुडघ्यापर्यंत, आणि परत गाडीपाशी येईस्तोवर समोरचा रस्ता तांबड्या धुरळ्यात गेला होता. मला चिंता नव्हती. दार बंद, खिडकी बंद, डबा हवाबंद. मी दार उघडलं.

आत तांबडं होतं. पलंगाची पांढरी चादर तांबडी, बेसिन तांबडं, हुकाच्या दांड्यावर वाळूचा थर. एक्झॉस्टच्या पट्ट्या वाऱ्याने उलट्या फडफडत होत्या आणि भोकातून वाळू अशी येत होती जशी गिरणीच्या तोंडातून पिठाची धार. मी पंख्यावर टॉवेल कोंबला. आता कोंबून काय उपयोग? पाच वाजायला पंधरा मिनिटं कमी होती.

मला माझीच इतकी चीड आली की काय सांगू! तीन महिने वजन, पाटे, चासी, टायर. आणि बायकोच्या जिवाशी गाठ असलेल्या खोलीला मी भोक पाडलं होतं, आमटीसाठी. आयुष्यभर लोकांच्या इमारतीत धूळ येऊ नये म्हणून पगार घेतलेल्या माणसाने!

"कलबाला हॉटेल घेऊ," मी म्हटलं. कलबा हा आमचा रात्रीचा मुक्काम, डोंगरापलीकडे समुद्रकाठी. "तासाभराचा रस्ता. डॉक्टर म्हणाले होते, थोडं इकडेतिकडे चालतं."

"या धुळीत गाडी हाकणार? समोरचं दिसतंय तुला?" मेधाने विचारलं.

नव्हतं दिसत. तिची अट आम्हा दोघांनाही पाठ होती, कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच. मला वाटलं, संपलं. पुन्हा ही बाई बाहेर पडणार नाही, आणि याला जबाबदार मी.

तेवढ्यात धुरळ्यातून एक मोठी पांढरी गाडी आमच्याजवळ येऊन थांबली. काच खाली झाली. आत एक स्थानिक गृहस्थ, चाळिशीचे, घुत्रा (डोक्यावरचा रुमाल) नाकातोंडाला गुंडाळलेला. इथल्या पुष्कळ अरबांना हिंदी चांगलं येतं.

"क्या मुश्किल, भाई? गाड़ी खराब?"

"गाड़ी ठीक है. मेरी वाइफ का दवाई का टाइम है. धूल नहीं चलेगा, बंद कमरा चाहिए."

"मेरा मज़रा इधर, पाँच मिनट. मजलिस है, बड़ा कमरा, गालीचा, सब है. चलो, यल्ला." मज़रा म्हणजे शेतमळा, मजलिस म्हणजे पाहुण्यांची बैठकीची खोली.

मी देवच भेटल्यासारखा मेधाकडे वळलो. तिने मान हलवली. अनोळखी घर, गालिचा, आत-बाहेर करणारी माणसं. ती आमच्या गाडीच्या कॅबिनकडे बघत होती. मागचं दार सकाळपासून ईराने चढण्या-उतरण्यापलीकडे उघडलं नव्हतं. काचा वर. सीटवर बॅगांची चार खोकी.

"श्री, मी इथेच करते. मागच्या सीटवर."

"गाडीत? हुक नाही, बेसिन नाही..."

"दारावर धरायचं हँडल आहे, त्याला बॅग टांगते. रिकामी पिशवी खाली पायांशी. काचा बंद, इंजिन बंद. मला एवढंच लागतं. पाण्याची बाटली आणि साबण काढ."

"आणि बॅग गरम कुठे करणार?"

"डॅशबोर्डवर ठेवलीय दुपारपासून. ऊन होतं, तुझी बॅटरी कशाला जाळायची?"

मी बघितलं. पुढच्या काचेखाली, पंच्यात गुंडाळलेली, बॅग खरंच तिथे होती. माझ्या डोळ्यांसमोर तिने ती ठेवली असणार आणि माझं लक्ष नव्हतं.

त्या गृहस्थांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी गाडी मागे घेतली, वळवली, आणि वाऱ्याच्या बाजूने आमच्या पिकअपला चिकटून आडवी उभी केली. भिंतच झाली. मग खाली उतरले आणि आमच्याकडे पाठ करून, छातीवर हात बांधून उभे राहिले, बाईमाणसाकडे नजर जाऊ नये म्हणून. दोन गाड्यांच्या मधल्या आडोशात ईराने पाणी ओतलं, मेधाने कोपरापर्यंत हात धुतले, आत बसली, सॅनिटायझर चोळलं, मास्क चढवला. ईरा पुढच्या सीटवर मास्क लावून वेळ मोजायला. मी बाहेर. आत तिसऱ्या माणसाचं काम नाही.

पाऊण तास मी त्या अनोळखी माणसाशेजारी उभा होतो. वाळू कानात जात होती. एकदा त्यांनी न वळता विचारलं, "और कितना टाइम?" मी म्हटलं, "आधा घंटा." त्यांनी मान डोलावली. काचेतून मला मेधाचे हात दिसत होते, एक टोपण काढून दुसरं लावताना. ते जराही थरथरत नव्हते.

दार उघडलं तेव्हा वाराही बसायला लागला होता. "खलास?" त्या गृहस्थांनी विचारलं. "खलास," मी म्हटलं, आणि त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांनी नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मेधाने मात्र खाऊचा डबा उघडून त्यांच्या हातात चार बेसनाचे लाडू ठेवले. "मी म्हटलं होतं ना, कुणी येईल," ती मला म्हणाली.

*

अंधार पडता पडता आम्ही वादी अल हेलोचा बोगदा ओलांडून कलबाला उतरलो. डोंगर संपतात आणि एकदम समुद्र समोर येतो. झोपायच्या आधीची बॅगही मेधाने गाडीतच केली. मी खोली झाडली, पुसली, पंखा काढून भोकाला ॲल्युमिनियमचा तुकडा ठोकून टाकला.

शनिवारी सकाळी खरा निकाल होता. रात्रभर पोटात राहिलेलं पाणी बाहेर येणार. स्वच्छ असलं तर पिशवीपलीकडची छापील अक्षरं वाचता येतात. इन्फेक्शन असलं तर ताकासारखं गढूळ दिसतं. मेधाने भरलेली पिशवी उजेडात धरली. मी मागे हाताला लागला तो कागद धरला, तो नेमका पासिंगचा निघाला. ईराने चासी नंबर वाचायला सुरुवात केली. सतरा अक्षरं-आकडे, एक न चुकता. "क्लिअर, आई! ॲब्सोल्यूटली क्लिअर!" माझा जीव भांड्यात पडला. तरी मेधा म्हणाली, "दोन दिवस जाऊ देत. नाचू नकोस."

मी नाचलो नाही. पण खारफुटीच्या खाडीकाठी फिरायला गेलो, कोळ्यांची जाळी ओढणं बघितलं, आणि बाजारात एका बुरखेधारी आजींकडे रगाग खाल्लं. रगाग म्हणजे तव्यावर हाताने पीठ फासून केलेली कागदासारखी पोळी, त्यावर अंडं फोडून पसरतात. मेधा त्यांच्या हाताकडे टक लावून बघत होती. "हाताची सफाई बघ. मला पन्नास वर्षांत जमणार नाही," म्हणाली. आजींना भाषा कळली नाही, कौतुक कळलं. मेधाने खुणेने सांगितल्यावर त्यांनी तिच्या पोळीला मीठ कमी घातलं.

बाराच्या बॅगेसाठी मी स्वच्छ, चकचकीत खोलीचं दार उघडून धरलं. नवी चादर. हुक दोन बोटं वर सरकवलेला. मेधा गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

"अगं, खोली तयार आहे."

"असू दे. तुझी खिडकी डोक्याच्या वर आहे. इथून समुद्र दिसतो."

खरं सांगायचं तर मला ते लागलं. तीन महिने! पण काच बंद करून, मास्क लावून, समुद्राकडे बघत बसलेली ती मला पुढून दिसत होती, आणि तिच्याशी वाद घालायची माझी काय बिशाद होती?

रविवारी मसाफीवरून, डोंगराच्या वळणांनी परत आलो. खोली पाठीवर तसूभरही हलली नाही. एक पाटा बरोबर होता.

*

मंगळवारी हॉस्पिटलातल्या नर्सने पाणी तपासलं आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. पैज मी जिंकलो. मी लगेच पुढच्या ट्रिपचा नकाशा काढला: रास अल खैमा, जेबेल जैसचा घाट, आतलं झाकण असलेला नवीन एक्झॉस्ट. नकाशा मेधाला दाखवला, तर ती म्हणाली, "छान आहे. पण शनिवारी मी आणि ईरा जातोय. तिच्या छोट्या गाडीतून. दिब्बाला."

"आणि खोली?"

"खोली तुला लागते, श्री. मला दाराचं हँडल पुरतं."

शनिवारी सकाळी ईराने मागच्या सीटवर एकच खोकं ठेवलं, एक बॅग डॅशबोर्डवर पंच्यात गुंडाळून. "यू रेस्ट, बाबा," म्हणाली, आणि दोघी गेल्या. मी पार्किंगमध्ये उभा. शेजारी चार पायांवर उभा राहिलेला माझा डबा. शेजारच्यांनी गॅलरीतून विचारलं, "गए नहीं?" मी म्हटलं, "वो गई." वाईट वाटलं का? वाटलं. जो माणूस एवढं बांधतो त्याला आपल्याशिवाय चालतं हे बघायला आवडत नाही. पण त्या दिवशी दुपारी घरात एकटा बसलो असताना हळूहळू डोक्यात शिरलं की तिला न्यायला मी नको, हेच तर मला घडवून आणायचं होतं. माझं गणित दोन वर्षं तिला कोंडणारी भिंत कशी हलवायची याचं होतं, आणि तिला दार पाहिजे होतं. ते तिचं तिने शोधलं, तेही माझ्याच गाडीत.

पाचला मी घड्याळ बघितलं. फोन केला नाही. स्वतःला बजावलं होतं. सहाला तिचाच आला. मागे वाऱ्याचा आवाज, ईराचं हसणं.

"बॅग झाली. समुद्राकाठीच. ऐक, रस्त्यावर पुढे एका खेड्याची पाटी दिसलीय, आम्ही तिकडे जाऊन बघतोय. जेवायला थांबू नकोस, उशीर होईल."

मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला आणि रिकाम्या घरात एकटाच मोठ्यांदा हसलो, डोळे पुसत.